‘टायडी टाउन्स’ : एका स्पर्धेने राखलेली गावे

स्मरणिकेत आपल्या मंडळाच्या वाटचालीबरोबर, ज्या देशात आपण संसार थाटले तिथल्या एखाद्या संस्थेचाही इतिहास असावा, असे संपादक मंडळाने ठरवले. विद्यापीठे, ग्रंथालये, अगदी गिनेसची भट्टीसुद्धा सुचवून झाली. माझे मत ‘टायडी टाउन्स’ला पडले. तिला धड संस्था म्हणावे की नाही, इथपासून वाद झाला आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. तिला स्वतःची इमारत नाही, घटना नाही, दिवाणखान्यात माजी अध्यक्षांच्या तसबिरी नाहीत. कागदोपत्री ती आयरिश सरकारने दरवर्षी भरवलेली एक स्पर्धा आहे, गावाच्या टापटिपीची. पण त्या स्पर्धेसाठी देशभरातल्या आठ-नऊशे गावांत एकेक समिती उभी आहे, आणि त्यातल्या कित्येक समित्या गावातल्या बँकेच्या शाखेपेक्षा, पोस्टापेक्षा आणि पोलीस चौकीपेक्षा जास्त टिकल्या आहेत. आयर्लंडचे छोटे गाव आज जसे दिसते ते का तसे दिसते, हे समजून घ्यायचे तर या समित्यांकडे जावे लागते.

सुरुवात मात्र गावासाठी झाली नव्हती. ती पाहुण्यांसाठी झाली.

१९५० चे दशक या देशाला फार वाईट गेले. दहा वर्षांत सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली, त्यातली बहुतेक इंग्लंडला. १९६१ च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाखांवर उतरली. आजवरचा तो नीचांक आहे. शेती तोट्यात, कारखाने मोजके, आणि खेड्यातल्या बहुतेक घरांत नळाचे पाणीही नव्हते. परकी चलन आणायचे तर पर्यटक आणा, हा त्यातल्या त्यात हाताशी असलेला उपाय होता. पर्यटक यायचे ते ऐन उन्हाळ्यात. हंगाम थोडा अलीकडे ओढावा म्हणून एप्रिल १९५३ मध्ये ‘आन टोस्टल’ नावाचा वसंतोत्सव सुरू झाला. मिरवणुका, नाटके, खेळ, परदेशी गेलेल्या आयरिश लेकरांना माहेरी येण्याचे आमंत्रण, असा एकूण थाट होता.

या उत्सवाची एक आठवण डब्लिनकर अजून चवीने सांगतात. ओकॉनल पुलावर सजावट म्हणून एक मोठे ‘दीपपात्र’ बसवले होते, त्यात प्लॅस्टिकच्या ज्वाळा. लोकांना ते पहिल्यापासून आवडले नाही. एका तरुणाने एके रात्री त्या ज्वाळा उपटून लिफी नदीत फेकल्या. उरलेल्या सिमेंटच्या हौदात मग फुलझाडे लावली गेली आणि गावाने त्याचे नाव ठेवले ‘अज्ञात टपोऱ्याची समाधी’. सरकारी सुशोभीकरणाचे काय होते, याचा इतका नेमका धडा पुढच्या नियोजकांना फुकटात मिळाला. त्यांनी तो घेतला की नाही, कोण जाणे. पण पुढे जे टिकले ते वरून बसवलेले नव्हते एवढे खरे.

उत्सवाच्या तयारीचा भाग म्हणून पर्यटन मंडळाने, म्हणजे ‘बोर्ड फॉल्चे’ने, १९५३ पासून १९५७ पर्यंत दर वसंतात देशभर सफाई मोहीम चालवली. पाहुणे यायच्या आधी घर आवरावे तशी. ‘आन टोस्टल’ दशक संपता संपता बहुतेक ठिकाणी विरून गेला. मोहिमेतून मात्र १९५८ मध्ये स्पर्धा निघाली : ‘टायडी टाउन्स’. पहिल्या वर्षी ५२ गावांनी नाव नोंदवले. इतिहासाची पुस्तके १९५८ हे साल टी. के. व्हिटेकर यांच्या आर्थिक विकासाच्या आराखड्यासाठी लक्षात ठेवतात. देशाची दारे परकी भांडवलाला उघडणारा तो दस्तऐवज आणि गावाच्या दारांना रंग देणारी ही स्पर्धा एकाच वर्षातली. दोहोंमागची काळजीही एकच होती, की माणसे इथे राहायला हवीत.

पहिला मान डोनेगॉल काउंटीतल्या ग्लेंटीजला मिळाला. देशाच्या वायव्य टोकाचे, हजाराच्याही आत वस्तीचे हे गाव. ब्रायन फ्रील यांचे आजोळ हे. त्यांच्या ‘डान्सिंग ॲट लूनासा’ या नाटकातल्या पाच बहिणी या गावातल्या त्यांच्या आई-मावश्यांवरून आल्या आहेत, आणि नाटकात त्यातल्या दोघी एक दिवस घर सोडून इंग्लंडला निघून जातात. ज्या गावातून माणसे अशी गळत होती त्याच गावाने पहिल्या पाच वर्षांत चार वेळा, १९५८, १९५९, १९६० आणि १९६२ मध्ये, ही स्पर्धा जिंकली. मधले १९६१ चे वर्ष कार्लो काउंटीतल्या राथव्हिलीने नेले; त्याने पुढे १९६३ आणि १९६८ मध्ये पुन्हा बाजी मारली. त्यानंतर कॅव्हन काउंटीची पाळी : १९६४ आणि १९६५ ला व्हर्जिनिया, १९६६ आणि १९६७ ला बॅलीजेम्सडफ. यांपैकी एकही नाव परदेशी प्रवाशाच्या यादीत पहिल्या पानावर येणारे नाही. पर्यटन मंडळाने काढलेली स्पर्धा पर्यटक फारसे न जाणाऱ्या गावांनी जिंकावी, ही गोष्ट मला सूचक वाटते. गावकरी राबत होते ते पाहुण्यांच्या मताबरोबर शेजारच्या गावाच्या मतासाठीही. काउंटी-काउंटीतली चुरस या देशात हर्लिंगच्या मैदानावर दिसते तशीच ती या निकालांतही दिसते.

स्पर्धेच्या विजेत्यांची पुढची यादी वाचताना आणखी एक गोष्ट डोळ्यात भरते. टिरल्सपास (१९६९), अडेअर (१९७६), ग्लासलॉक (१९७८), आर्डा (१९८९, १९९६, १९९८) ही गावे मूळची जमीनदारी वसाहती. अर्धचंद्राकार हिरवळ, एकसारखी दगडी घरे, मधोमध झाडांची रांग, अडेअरची गवताच्या छपरांची घरे, हे सगळे कुण्या उमरावाने आपल्या हवेलीच्या दाराशी मांडलेले चित्र. कुळांची पणतवंडे त्या चित्राला रंग देऊन आता बक्षिसे मिळवतात. काहींना यात विसंगती दिसते. मला तो हिशेब चुकता झाल्यासारखा वाटतो. अर्थात अशा गावांना आरंभीच चार पावलांची आघाडी मिळते, हेही कबूल केले पाहिजे. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या, पेट्रोल पंप आणि गोदामांच्या मध्ये सापडलेल्या गावाला ते सुख नाही.

आता स्पर्धा चालते कशी ते सांगायला हवे, कारण तिची खरी ताकद बक्षिसात नाही, पद्धतीत आहे.

समिती अर्ज भरते, गावाचा नकाशा जोडते, वर्षभरात काय केले आणि पुढे काय करायचे आहे ते लिहिते. मग उन्हाळ्यात कधीतरी परीक्षक येतो. कोणत्या दिवशी येणार ते सांगत नाही, आल्यावर ओळख देत नाही. गावभर चालतो, गल्लीबोळ पाहतो, दुकानांच्या मागच्या बाजूला जातो, निघून जातो. त्यामुळे जून-जुलैत वही घेऊन उभा असलेला कोणीही अनोळखी माणूस परीक्षक ठरतो आणि त्याला चहा विचारला जातो, असा विनोद इथे सर्रास ऐकू येतो. सप्टेंबरच्या सुमारास किंवा त्यानंतर निकाल लागतो. प्रत्येक गावाला, जिंकलेल्या आणि हरलेल्या, विषयवार गुण आणि लेखी अहवाल मिळतो.

हे अहवाल वाचण्यासारखे असतात. आयरिश माणूस तोंडावर वाईट बोलत नाही, आणि परीक्षक तर मुळीच नाही. आधी शाळेच्या बागेचे कौतुक, मग चर्चच्या आवाराचे, मग नदीकाठच्या बाकाचे. त्या कौतुकाच्या मध्येच एक वाक्य येते : दक्षिणेकडच्या रस्त्याने गावात शिरताना कडेच्या दगडांमधले तण नजरेत आले, स्मशानभूमीच्या फाटकाला यंदा रंग लागेल अशी आशा आहे, बाटल्या टाकण्याच्या पेट्यांमागे काय आहे ते समितीने एकदा पाहावे. ज्याला कळायचे त्याला कळते. पुढच्या बैठकीत त्या वाक्यांची यादी होते आणि कामे वाटली जातात. पुढच्या वर्षीचा परीक्षक मागचा अहवाल वाचून येतो, तेव्हा फाटक रंगले की नाही हे तपासले जाते. गुण वाढतात ते वर्षाला दोन-चार. मधल्या काळात बरीच वर्षे ४५० गुणांचा तक्ता होता. त्यात कचरा आणि टापटीप यांना ९०, लोकसहभाग आणि नियोजनाला ६०, आणि इमारती व रस्त्याचे दर्शनी रूप, बागकाम, वन्यजीव, टाकाऊ वस्तूंचे नियोजन, वसाहती, गावात येणारे रस्ते यांना प्रत्येकी ५०. एखाद्याने पैसे ओतून एका उन्हाळ्यात चौक सजवला तर त्याला एका रकान्यात थोडे गुण मिळतील. बाकीचे रकाने तसेच राहतील. वरच्या पायरीवर पोचायला म्हणूनच दहा-वीस वर्षे लागतात.

लोकसंख्येप्रमाणे गट पाडलेले आहेत, दोनशेच्या आतल्या वाडीपासून शहरापर्यंत. सर्वोच्च बक्षीस मात्र कोणत्याही गटातून जाऊ शकते. २०१४ मध्ये ते किलकेनी शहराला गेले, २०१५ मध्ये लेटरकेनीला, २०१७ मध्ये टिपरेरीतल्या बर्डहिल या छोट्या खेड्याला आणि २०२३ मध्ये गॉलवे काउंटीतल्या त्याहून अपरिचित ॲबीला. मीथ काउंटीतले ट्रिम १९७२ मध्ये पहिल्यांदा जिंकले आणि २०२२ मध्ये पुन्हा. ग्लासलॉकच्या दोन विजयांत, १९७८ आणि २०१९, चार दशकांचे अंतर आहे. एवढ्या काळात समितीच्या दोन पिढ्या बदलल्या असणार.

ही समिती म्हणजे काय? निवृत्त शिक्षिका, औषधांचा दुकानदार, शेतकरी, एखादी नवी आई, एखादा पोलंडहून किंवा पुण्याहून आलेला अभियंता. अंगात पिवळी चमकदार जाकिटे, हातात कचरा उचलायचे चिमटे. पिशव्या काउंटी कौन्सिल देते आणि भरल्यावर उचलून नेते. एकमेकांच्या शेतावर जाऊन काम उरकण्याची ‘मेहल’ नावाची प्रथा आयर्लंडच्या खेड्यात पूर्वापार आहे. आपल्याकडच्या इर्जिकीची ती सख्खी बहीण. १९१० पासूनची ग्रामीण स्त्रियांची संघटना आणि १९३७ च्या सुमारास कॅनन हेज यांनी उभारलेली ‘मुइंटिर ना टीरा’ ही ग्रामसंघटना यांनी त्या सवयीला बैठका, ठराव आणि हिशेबाची शिस्त आधीच लावून ठेवली होती. टायडी टाउन्सला माती तयार मिळाली.

सगळे श्रमदानावर चालते असे मात्र समजू नये. गौरवग्रंथांत ही बाजू सहसा झाकली जाते. गवत कापणे, कुंड्यांना रोज पाणी घालणे, भिंती रंगवणे ही बरीचशी कामे सरकारी रोजगार योजनांवरची माणसे करतात : १९९४ पासूनची ‘कम्युनिटी एम्प्लॉयमेंट’, शेतकऱ्यांसाठीची ‘रूरल सोशल स्कीम’, नंतरची ‘तूस’. आठवड्याला ठरावीक तास, बेताचा मोबदला. बक्षीस समारंभाच्या फोटोत हे लोक पहिल्या रांगेत क्वचितच दिसतात. गाव वर्षभर नीट दिसते ते पुष्कळ अंशी त्यांच्यामुळे.

१९९२ पासून ‘सुपरव्हॅल्यू’ ही किराणा दुकानांची साखळी मुख्य प्रायोजक झाली. १९९५ मध्ये स्पर्धा पर्यटन मंडळाकडून पर्यावरण खात्याकडे गेली. (त्याच वर्षी ग्लेंटीजने पाचव्यांदा विजय मिळवला, ३३ वर्षांनी.) खाते बदलले तशी दृष्टी बदलली. रंग आणि फुले यांच्या जोडीला कचऱ्याचे वर्गीकरण, पाणी, ऊर्जा, जैवविविधता आली. कायदेही मदतीला आले. १९९७ मध्ये कचरा-प्रदूषणाचा कायदा झाला. मार्च २००२ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंटचा आकार बसला आणि कुंपणांवर फडफडणाऱ्या पिशव्या बघता बघता नाहीशा झाल्या. जगभर ज्याचा दाखला देतात असा हा निर्णय. मार्च २००४ च्या धूम्रपानबंदीने नेमके उलटे केले. पबमधली सिगारेट दाराबाहेर आली आणि थोटके फुटपाथवर. फेब्रुवारी २०२४ पासून बाटल्या आणि डब्यांवर १५ किंवा २५ सेंटची अनामत आहे. रस्त्याकडेचा रिकामा डबा आता निदान कोणालातरी उचलावासा वाटतो.

गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल मात्र गवताचा आहे, आणि त्यावरून समित्यांमध्ये जेवढे वाद झाले तेवढे कशावरूनही झाले नसावेत. आयर्लंडमध्ये मधमाश्यांच्या सुमारे शंभर जाती आहेत आणि त्यातल्या एक तृतीयांश नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. २०१५ मध्ये वॉटरफर्डच्या राष्ट्रीय जैवविविधता माहिती केंद्राच्या पुढाकाराने परागवाहक कीटकांसाठी अखिल आयर्लंड आराखडा निघाला. त्याने गावांना सांगितले की वसंतात गवत कापायची घाई करू नका, डँडेलियन फुलू द्या, तणनाशक बंद करा, आणि टांगत्या कुंड्यांमधली पिटुनिया, बेगोनिया माश्यांच्या फारशा उपयोगाची नाहीत. ज्यांनी तीस-तीस वर्षे याच पिटुनिया वाढवून गुण मिळवले होते त्यांना हे पचणे सोपे नव्हते. काल ज्या तणासाठी परीक्षक गुण कापत होता तेच आज राखायचे! ‘गाव अजागळ दिसते’ अशा तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा वाढलेल्या गवतात पाट्या लावल्या गेल्या : इथले गवत माश्यांसाठी मुद्दाम राखले आहे. या कामासाठी स्पर्धेत वेगळे बक्षीसही सुरू झाले. माझ्या मते या स्पर्धेने केलेले हे सर्वांत धाडसी काम. साठ वर्षांत घडवलेली लोकांची नजर तिने स्वतःच मोडली.

२००८ च्या आर्थिक पडझडीचा काळ कसोटीचा होता. २०१० च्या सरकारी पाहणीत २,८४६ अर्धवट गृहवसाहती मोजल्या गेल्या. कित्येक छोट्या गावांच्या वेशीवर रस्ते नसलेली, दिवे नसलेली, छपरापर्यंत येऊन थांबलेली घरे उभी होती. मुख्य रस्त्यावरची दुकाने बंद पडत होती. समित्यांनी बंद दुकानांच्या काचांवर चित्रे रंगवली, पत्र्यांची कुंपणे झाकली. त्यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. मेलेल्या बाजारपेठेला रंग लावून ती जिवंत होत नाही. पण कुलूपबंद घराचा मालक परदेशात, बँक गप्प, कौन्सिलकडे पैसे नाहीत, अशा वेळी समितीच्या हाती रंगाचा डबाच होता. रिकामी घरे दुरुस्त करून राहण्याजोगी करायला ५० हजार आणि मोडकळीस आलेल्यांना ७० हजार युरोपर्यंतचे अनुदान आता मिळते. ते यायला २०२०चे दशक उजाडावे लागले.

त्याहून दूरगामी घटना २०१४ ची. त्या वर्षी सरकारने देशातल्या सगळ्या ८० टाउन कौन्सिली बरखास्त केल्या आणि कारभार काउंटीकडे नेला. गावाच्या नावाने बैठक घेणारी, गावाचा नकाशा आणि आराखडा बाळगणारी निवडून आलेली संस्थाच उरली नाही. अनेक ठिकाणी ती पोकळी टायडी टाउन्स समितीने भरली. अनुदानाचे अर्ज तीच करते, फुटपाथ फुटला तर काउंटीला पत्र तीच लिहिते. हे कौतुकास्पद आहे आणि थोडे काळजीचेही. ज्या कामासाठी कर भरला ते काम पुन्हा शनिवारी सकाळी आपणच करायचे, असा हा व्यवहार आहे. समित्यांतले जुने लोक हे मोकळेपणाने बोलून दाखवतात आणि चिमटा घेऊन बाहेर पडतात.

२०१७ मध्ये ग्रामीण व सामुदायिक विकासाचे वेगळे खाते निर्माण झाले आणि स्पर्धा त्याच्याकडे आली. हे खाते स्थापणाऱ्या सरकारचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे आपल्या मंडळात सांगायला नकोच. खात्याचे पहिले मंत्री मायकेल रिंग हे मेयो काउंटीतल्या वेस्टपोर्टचे. वेस्टपोर्टने ही स्पर्धा २००१, २००६ आणि २००८ अशी तीनदा जिंकली होती आणि २०१२ मध्ये ‘आयरिश टाइम्स’ने देशात राहण्यासाठी सर्वोत्तम गाव म्हणून त्याचीच निवड केली होती. मंत्र्यांना स्पर्धा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागले नसेल.

२०२० मध्ये महामारीमुळे स्पर्धा रद्द झाली. घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. लोक त्या दोन किलोमीटरांत रोज फिरले, आणि कित्येकांनी फिरताना पिशवी बरोबर ठेवली. स्पर्धा पुन्हा भरली तेव्हा २०२१ चा मान क्लेअर काउंटीतल्या एनिसला गेला.

आपल्यापैकी पुष्कळ जण आता डब्लिन सोडून लहान गावांत घरे घेत आहेत. नव्या गावात ओळखी कशा होणार, हा प्रश्न मंडळाच्या दर मेळाव्यात निघतो. आपल्या गावाचा टायडी टाउन्सचा अहवाल सर्वांना वाचायला खुला असतो. तो मिळवून वाचा, त्यात परीक्षकाने हळूच नोंदवलेल्या उणिवा पाहा, आणि समितीच्या पुढच्या सफाई फेरीला जा. हातमोजे आणि चिमटा तिथे मिळतो. जाकीट आपल्या मापाचे मिळेल याची मात्र खात्री देता येत नाही.